बिलावर सही त्यांचीच, अपिलातही तेच

दुपारी पोस्टमन पत्र देऊन गेला. "मागणी केलेले अभिलेख कार्यालयात आढळून येत नाहीत. सबब अपील निकाली काढण्यात येत आहे." विषय संपला. माझं डोकं तेव्हापासून तापलंय, म्हणून लिहितोय.

आमच्या वाडीच्या व्हाळावर (ओढ्यावर) साकव, म्हणजे छोटा पूल, झाला आणि पहिल्याच मोठ्या पावसात एका बाजूचा भराव वाहून गेला. मी माहिती अधिकारात अंदाजपत्रक आणि एमबीची, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमाप वहीची, प्रत मागितली. दहा रुपये भरून, रीतसर. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, म्हणून प्रथम अपील केलं. सुनावणीला अपील ऐकणारे साहेब काय म्हणाले? "अहो, त्या कामाचं बिल मीच तर काढलं. काम चोख आहे!"

म्हणजे बिलावर सही यांची आणि ते बिल दाखवायचं की नाही हे ठरवणारेही हेच. वर आता कागदच सापडत नाहीत.

आणि गंमत म्हणजे अपील त्यांच्याकडेच जाणं बेकायदा नाही. माहिती अधिकाराच्या २००५च्या कायद्यातच लिहिलंय की पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. त्यापुढे राज्य माहिती आयोग. तिथल्या दुसऱ्या अपिलाचा निकाल किती दिवसांत लावायचा, याला कायद्यात मुदत नाही. बरं, आयुक्त निवडणार कोण? मुख्यमंत्री, त्यांनीच नेमलेला एक मंत्री आणि विरोधी पक्षनेता. तिघांत दोघे सरकारचे! पूर्वी आयुक्तांना पाच वर्षांची पक्की मुदत होती. २०१९मध्ये तीही काढली. राज्याच्या आयुक्तांचा पगार आणि मुदतसुद्धा आता दिल्ली ठरवते. एवढं करूनही भागलं नाही तर जागा रिकाम्या ठेवायच्या. त्या वेळेत भरा, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

आपल्याकडे आरवलीच्या वेतोबाला चामड्याच्या चपला वाहतात, तो रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून. त्याचा मान ठरलेला. गावात कुणाचीही सत्ता येवो, मान चुकत नाही आणि तो कुणा मानकऱ्याच्या हुकमावर फेरी मारत नाही. राखणदार असा असतो. आपण सरकारवर नेमलेत ते सरकारच्याच पडवीत झोपणारे.

घटना लिहिणाऱ्यांना हे कळत होतं. कॅगला, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकाला, सहजासहजी काढता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढायची जी पद्धत तीच लागते. पगार संचित निधीतून, त्यावर मतदान नाही. निवृत्तीनंतर सरकारी पद घेता येत नाही, म्हणजे जाता जाता कुणाला खूश करायची गरज नाही. बाबासाहेब तर संविधान सभेत म्हणाले होते की हा माणूस न्यायसंस्थेपेक्षाही महत्त्वाचा आहे आणि न्यायसंस्थेला दिलं तेवढं स्वातंत्र्य आपण त्याला दिलेलं नाही. त्यांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यात. जयंतीला तिथे हार घेऊन जाणाऱ्या किती पुढाऱ्यांना हे भाषण ठाऊक असेल?

लोकायुक्तांचं बोलायलाच नको. आपला पहिला कायदा १९७१चा, तेव्हा केवढं कौतुक. पण त्यात मुख्यमंत्री बाहेर होते आणि लोकायुक्तांनी करायची ती शिफारस. शिफारस!

चहाच्या टपरीवर एक मित्र म्हणाला, "साकव झालो मां? मगे कागद कित्याक होये तुका?" कशाला ते ऐक. चिपळूण तालुक्यातल्या तिवऱ्याच्या लोकांनीही धरण गळतंय म्हणून आधी सांगितलं होतं ना? २ जुलै २०१९च्या रात्री धरण फुटलं, माणसं वाहून गेली आणि जलसंधारण मंत्र्यांनी दोष दिला खेकड्यांना. मालवणात ४ डिसेंबर २०२३ला महाराजांचा पुतळा उभा राहिला, २६ ऑगस्ट २०२४ला कोसळला. तिथे वारा जबाबदार. खेकड्याला आणि वाऱ्याला नोटीस काढता येत नाही, हे बरं आहे. पडल्यावर समिती नेमतात. पडायच्या आधी बघणारा कुणी हवा आणि तो बिल काढणाऱ्याच्या हाताखालचा नको, एवढंच म्हणतोय मी.

हो, काही माहिती अधिकारवाले ठेकेदारांकडून पाकिटं घेतात. माहीत आहे. आपल्या तालुक्यातही आहेत. पण तेवढ्यासाठी आम्ही कागद मागायचेच नाहीत?

आता जरा शांत झालोय. त्या साहेबांचा तसा राग नाही. सुनावणीनंतर त्यांनी चहा पाजला, यंदा मोहोर कसा आहे विचारलं. त्यांच्या जागी तुम्हाला-मला बसवलं तर आपल्याच सहीविरुद्ध आपण निकाल देऊ का? अशा खुर्चीत माणसाला बसवायचंच कशाला? प्रथम अपील निदान दुसऱ्या खात्याकडे द्या. शेतीच्या कामाचं अपील बांधकामवाल्यांनी ऐकावं, बांधकामाचं शेतीवाल्यांनी. याला काय मोठा खजिना लागतो?

दुसरं अपील मी करणारच, ९० दिवस आहेत. पण कुठल्याही पक्षाचा पुढारी नारळ फोडायला वाडीत आला की माइक खाली ठेवायच्या आत त्याला विचारायचं : पहिल्या अपिलाचा हा नियम बदलायला तुम्ही सभागृहात कधी उठलात? मी विचारणार आहे. सोबत कोण येतंय ते आत्ताच सांगा, मागाहून "तू लय बरा बोललंस" नको.