हाडं ठिसूळ आहेत, म्हणूनच तर

वजनं उचलणाऱ्यांचा आमचा नऊ जणांचा एक ग्रुप आहे. कुणी किती किलो उचलले, किती रेप झाले, कुठे अडलं, एवढंच त्यावर येतं. रेप म्हणजे एकेक उचल, आणि न थांबता मारलेल्या रेपांचा एक सेट. सर्वांत लहान मेंबर 19 वर्षांचा, सर्वांत मोठी माझी आई, वय 66. मंगळवार आणि शुक्रवार हे तिचे दिवस. त्या दिवशी संध्याकाळी तिच्या वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर पडतो. तारीख, किलो, रेप आणि शेवटच्या रकान्यात शेरा. ‘40 किलो, 5 रेप, 3 सेट. पाठ सरळ. चौथ्या रेपला श्वास विसरले.’

गेल्या मंगळवारी फोटो आला नाही. शुक्रवारीही नाही. फोन केला तर म्हणाली, “अगं, आता पुरे म्हणते. या वयात कशाला उगाच.”

“कोण म्हणालं?”

“कुणी कशाला म्हणायला हवं?”

पाचव्या मिनिटाला मावशीचं नाव निघालं आणि दहाव्या मिनिटाला तो फॉरवर्ड माझ्या फोनवर आला. तुमच्याकडेही आला असेलच. ‘चाळिशीनंतर वजनं उचलताय? थांबा!’, पुढे तीन लाल घंटा, खाली सात मुद्दे आणि शेवटी ‘एका ज्येष्ठ अस्थितज्ज्ञांचा सल्ला, आपल्या माणसांपर्यंत पोचवा’. तज्ज्ञांना नाव नाही. सल्ला देण्याइतके ज्येष्ठ, पण नाव सांगण्याइतके नाहीत.

मावशीवर माझा राग नाही. तिने काळजीपोटी पाठवला. राग मेसेजवर आहे, कारण ज्या बाईला वजनांची सर्वांत जास्त गरज आहे नेमकं तिच्याच हातातून त्याने बार, म्हणजे वजनं अडकवायचा लोखंडी दांडा, सोडवला.

पहिला मुद्दा असा: ‘वयानुसार हाडं ठिसूळ होतात. त्यांच्यावर वजन टाकणं म्हणजे जुन्या भिंतीवर नवा मजला चढवणं. मणके दबतात आणि माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो.’

उपमा पटकन पटते, म्हणून तर पसरते. पण भिंत निर्जीव असते, हाड जिवंत. हाडात जुना भाग खाणाऱ्या आणि नवा रचणाऱ्या पेशी आयुष्यभर कामाला असतात, आणि कुठे किती रचायचं हे बरंचसं त्या हाडावर भार किती येतो त्यावर ठरतं. टेनिस खेळाडूंच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड भरतं. माणूस एकच, आहार एकच, वय एकच. फरक फक्त भाराचा.

आणि भार काढून घेतला तर? अंतराळवीरांना विचारा. तिथे शरीराला वजनच नाही, म्हणजे या मेसेजच्या हिशेबाने हाडांना स्वर्गच. प्रत्यक्षात काही उपाय केला नाही तर त्यांच्या खुब्याचं हाड महिन्याला साधारण 1 ते 1.5 टक्का घटतं. ती माणसं चाळिशीच्या आसपासची, निवडून घेतलेली, ठणठणीत. म्हणून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात व्यायामाचं एक खास यंत्र ठेवलंय. निर्वात नळकांड्यांच्या ओढीने ते नसलेलं वजन तयार करतं आणि अंतराळवीर त्यावर स्क्वॉट (वजन घेऊन बैठका) आणि डेडलिफ्ट (खालचं वजन उचलून सरळ उभं राहणं) मारतात. वजन नसलेल्या जागी खटपट करून वजन तयार करावं लागलं, आणि इथे जमिनीवर फुकट मिळणारं वजन आपण घंटा वाजवून सोडायला सांगतोय.

ठिसूळ हाडांचं काय, हा प्रश्न उरतोच. आईचंच सांगते. तीन वर्षांपूर्वी ओल्या फरशीवर घसरली, हात टेकला आणि मनगट मोडलं. मग हाडांची घनता मोजली, टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेतला आकडा, उणे 2.6 आला. उणे 2.5 किंवा त्याखाली आला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, म्हणतात. म्हणजे मेसेजमधली ‘जुनी भिंत’ ती हीच. तेव्हा मीही घाबरले होते. तिला वजन उचलू द्यायचं की नाही यावर मी जे काही वाचलं, त्यातल्या एका अभ्यासाने माझं मत बनवलं. मावशीला मी तोच पाठवला.

ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाने केलेला ‘लिफ्टमोर’ नावाचा हा अभ्यास. 2018 मध्ये हाडांच्या संशोधनाला वाहिलेल्या नियतकालिकात तो छापून आला. पाळी गेलेल्या 101 बायका, सरासरी वय 65, सगळ्यांची हाडांची घनता कमी. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला घरी करायला हलका व्यायाम दिला. दुसऱ्या गटाने आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, देखरेखीखाली डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि डोक्यावर बार ढकलण्याचा प्रेस केला. पाच सेट, प्रत्येकी पाच रेप, आणि वजन किती? एकदाच जेमतेम उचलता येईल त्याच्या 80 टक्क्यांहून जास्त. सोबत डोक्यावरच्या आडव्या दांड्याला धरून वर उडी आणि पायांवर दणकन उतरणं. मावशी, पुन्हा वाच: ठिसूळ हाडांच्या साठीतल्या बायका, जड डेडलिफ्ट, आणि वरून उड्या.

आठ महिन्यांनी कंबरेच्या मणक्यांची घनता मोजली. जड वजनवाल्या गटात सरासरी 2.9 टक्के वाढली होती. हलका व्यायाम करणाऱ्यांची 1.2 टक्के घटली होती. दबून मोडणार म्हणतात तेच हे मणके! आणि जड गटात व्यायामामुळे नोंदवलेली इजा किती, तर एक. एकीची कंबर किंचित धरली.

आता यात लपवण्यासारखं काही नाही, म्हणून हेही सांगते. तिथे शिकवणारी माणसं समोर उभी होती. पहिला महिना हलक्या वजनावर नुसतं तंत्र बसवण्यात गेला. ज्यांना व्यायाम धोक्याचा ठरेल अशा बायका आधीच वगळल्या होत्या. आणि ज्याची हाडं ठिसूळ आहेत त्याने पाठीचा धनुष्यासारखा बाक काढून वजन ओढलं तर मणक्याला खरंच धोका असतो. मेसेज लिहिणाऱ्याने एवढंच लिहिलं असतं तर मी त्याचे आभार मानले असते. ‘शिकून उचला’ आणि ‘उचलूच नका’ यातलं अंतर त्याला दिसलं नाही, की दिसूनही घंटा जास्त आवडल्या, कोण जाणे.

आईनेही पहिले सहा आठवडे बारला हात लावला नव्हता. डॉक्टरांचा होकार घेतला, मग एका शिकवणाऱ्या बाईंकडे काठी घेऊन शिकली. काठी डोक्यामागे, पाठीमागे आणि माकडहाडाला, तिन्ही ठिकाणी टेकलेली ठेवून कंबरेतून वाकायचं. एक जरी जागा सुटली तरी रेप बाद. मग आठ किलोची केटलबेल, म्हणजे वर मूठ असलेला लोखंडी गोळा. मग बार, तोही थेट जमिनीवरून नाही; दहा किलोच्या प्लेटा (बारला अडकवायच्या चकत्या) आकाराने लहान, त्यामुळे बार फार खाली बसतो, म्हणून दोन्हीकडे लाकडी ठोकळे. 20 चा बार, दोन्ही बाजूंना एकेक दहाची प्लेट, झाले 40. हे वाक्य लिहायला मला एक क्षण लागला, तिला तिथे पोचायला अकरा महिने लागले.

बाकीच्या मुद्द्यांना इतकी जागा द्यायची गरज नाही.

‘गुडघ्यांतलं वंगण संपतं.’ गुडघा म्हणजे सायकलची चेन नव्हे. सांध्यात हाडांच्या टोकांवर जे गुळगुळीत आवरण असतं, त्या कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. दाब पडतो आणि सुटतो, त्यातून तिच्यात द्रव येतो-जातो आणि तिचं पोषण होतं. गुडघ्याच्या झिजेवर आज जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत पहिला उपाय म्हणून व्यायामच लिहिलेला असतो, मांड्या बळकट करणारा व्यायाम त्यात आलाच. दुखत असेल तर बैठकीत कमी खाली जा, खुर्चीवर बसून उठा, वजन उतरवा.

‘रक्तदाब वाढून मेंदूची शीर फुटते.’ इथे मात्र मला थोडं नमतं घ्यावं लागतंय. जड रेप मारताना रक्तदाब खरोखरच उसळतो. 1985 मध्ये काही बॉडीबिल्डर्सच्या रोहिणीत नळी घालून तो मोजला होता. दोन्ही पायांनी वजन ढकलताना (लेग प्रेस) सरासरी 320 वर 250 पर्यंत गेला. वाचून मीही खुर्चीत सरळ झाले होते. पण तो काही क्षणांपुरता असतो, सेट संपला की झपाट्याने उतरतो, आणि नियमित व्यायामाने विश्रांतीतला रक्तदाब थोडा खालीच येतो. ज्याचा रक्तदाब औषधानेही आटोक्यात नाही किंवा ज्याच्या रक्तवाहिनीला फुगा आहे, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय बारजवळ जाऊ नये, हे खरं. श्वास कोंडून धरला की दाब आणखी चढतो, हेही खरं. आईच्या वहीत ‘श्वास विसरले’ हा शेरा त्यासाठीच असतो. वर येताना सोडायचा.

‘बायकांचं शरीर पुरुषी होतं.’ मीराबाई चानूने टोकियो ऑलिम्पिकमध्ये 115 किलो डोक्यावर नेले, ते 49 किलोच्या वजनगटात. फोटो बघा आणि सांगा कुठे पुरुषी दिसते. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बायकांच्या साधारण पंधरा पट असतं. आठवड्यातून दोनदा 40 किलो उचलून ते भरून निघत नाही. स्नायू पिळदार करायचे म्हणून वर्षानुवर्षं घाम गाळणारी आमच्या ग्रुपमधली मुलं हा मुद्दा वाचून खिन्न हसली.

‘व्यायाम सोडला की स्नायूंची चरबी होते.’ दोन वेगळ्या पेशी आहेत, एकीची दुसरी होत नाही. पुढचा.

‘प्रोटीनने किडनी निकामी होते.’ किडनीचा आजार आधीच असेल तर प्रोटीन किती घ्यायचं हे डॉक्टरच ठरवतील, वाद नाही. धडधाकट किडनी जास्त प्रोटीनने बिघडते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. शिवाय वजनं उचलणं आणि डबेच्या डबे पावडर खाणं या दोन गोष्टी एकत्र बांधल्या कुणी?

सातवा मुद्दा मात्र मला लागला, कारण तो आमच्यावर आहे. ‘ग्रुपवर आकडे टाकणारे लोक एकमेकांना चढवतात आणि त्या ईर्ष्येत कंबर मोडून घेतात. चालणं हाच खरा व्यायाम.’

चालण्याचं आधी उरकते. चाला, जरूर चाला, हृदयासाठी उत्तम. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांत चालण्यासारख्या व्यायामाच्या जोडीला आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायामही सांगितलाय, आणि तो 65 च्या पुढच्यांनाही लागू आहे.

राहिली ईर्ष्या. अर्धं खरं आहे, आणि कबूल करायला जड जातंय. दीड वर्षापूर्वी ग्रुपमधल्या एका मुलाने 140 किलोच्या डेडलिफ्टचा व्हिडिओ टाकला. पाठ गोल झालेली स्पष्ट दिसत होती. आम्ही सगळ्यांनी टाळ्या टाकल्या, मीही टाकली. दुसऱ्या दिवशी त्याला मोजे घालता येईनात, तीन आठवडे बार बंद. त्याच्या कंबरेत आमच्या टाळ्यांचाही वाटा होता.

पण त्यानंतर ग्रुप बंद नाही झाला, ग्रुपची जीभ बदलली. आता व्हिडिओ आला की आधी कुणीतरी लिहितं, ‘बार नडगीपासून लांब जातोय’ किंवा ‘तिसऱ्या रेपला पार्श्वभाग आधी उठला’. टाळी नंतर. मागे एकाने टाकलं, ‘रात्री झोप नाही, आज 10 किलो उतरवून मारले’, त्यावर त्या महिन्यातल्या सर्वांत जास्त टाळ्या पडल्या. नवख्याला तर आकड्यांचाच आधार असतो. सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था आहे तेच स्नायू नीट कामाला लावायला शिकते म्हणून. आरशात काहीच दिसत नाही. त्या काळात ‘मागच्या आठवड्यात 8 ची केटलबेल पाच वेळा, आज आठ वेळा’ हे वहीत दिसतं आणि दुसऱ्या आठ जणांना कळतं, म्हणून माणूस टिकतो. आईने पहिल्यांदा 30 उचलले तेव्हा त्या 140 वाल्या मुलाने लिहिलं होतं, ‘काकू, तुमची पाठ माझ्यापेक्षा सरळ आहे.’ तो स्क्रीनशॉट तिने अजून ठेवलाय.

हे सगळं मी मावशीला लिहून पाठवलं, थोडं जास्तच चिडून. दोन दिवस निळ्या खुणा, उत्तर नाही. वाटलं, तुटलं आता.

काल मंगळवार होता. संध्याकाळी वहीचं पान आलं. ‘37.5 किलो, 5 रेप, 3 सेट. दोन खाडे झाले म्हणून कमी. पाठ सरळ. श्वास घेतला.’ खाली आठही जणांच्या टाळ्या.

रात्री मावशीचा मेसेज, फक्त मला. “ताईने फोटो दाखवला. तो नुसता दांडाच किती किलोचा असतो गं?”

“वीस,” मी लिहिलं. “पण तू काठीपासून सुरू करायचंस.”