मंदसोरचा तह आणि तात्या जोग : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही नावाऐवजी 'रामबागेतला जुना इंदूरकर' एवढीच सही केलीत आणि पंचाहत्तरी ओलांडल्याचं लिहिलंत, म्हणून काका म्हणते. प्रतिक्रिया सणसणीत आहे. तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे स्वतंत्र लिहिते आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २१ डिसेंबर १८१७ ला क्षिप्रेकाठी महिदपूरला होळकरांची फौज इंग्रजांकडून हरली. सोळाव्या दिवशी, ६ जानेवारी १८१८ ला, अकरा वर्षांच्या दुसऱ्या मल्हाररावांच्या वतीने विठ्ठल महादेव किबे ऊर्फ तात्या जोग यांनी मंदसोरचा तह केला. ती मुत्सद्देगिरी होती असं मी म्हटलं. तुमचं म्हणणं असं की मल्हाररावांचे वडील यशवंतराव होळकर यांनी तलवारीने राखलेलं राज्य एका पेढीवाल्याने लेखणीने घालवलं. ओस गावं पुन्हा वसल्याचे इंग्रज अधिकारी माल्कमचे आकडे म्हणजे जेत्याने स्वतःलाच दिलेलं प्रशस्तिपत्र. आणि स्वाभिमान गहाण टाकून मिळालेल्या शांततेचं कौतुक इंदूरच्या माणसाने तरी करू नये.

यशवंतरावांबद्दल आधी बोलते, कारण तुमचा राग तिथून आलेला आहे आणि तो मला कळतो. १८०४ मध्ये इंग्रज अधिकारी मॉन्सनच्या फौजेची मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत जी दाणादाण झाली, ती कुणाला नाकारता येणार नाही. भरतपूरच्या किल्ल्यावर इंग्रज सेनापती लेकचे चार हल्ले वाया गेले. पण पुढचं वर्षही पाहा. भरतपूरच्या राजाने वेगळा तह केला, दौलतराव शिंदे हलले नाहीत, पंजाबात रणजितसिंगाने हात आखडता घेतला. तेव्हा २४ डिसेंबर १८०५ ला पंजाबातल्या राजघाटला यशवंतरावांनीही तहावर सही केली. टोंक-रामपुऱ्यावरचा हक्क सोडण्याचं कलमही त्यात होतं. त्या सहीला आपण शरणागती म्हणत नाही, आणि म्हणूही नये. राज्य हातात राहावं, पुन्हा उभं राहता यावं, यासाठी त्यांनी वेळ विकत घेतला. तेच काम बारा वर्षांनी, त्याहून कितीतरी वाईट अवस्थेत तात्यांनी केलं, तर मोजमाप का बदलायचं?

राजघाटनंतर यशवंतरावांनी भानपुऱ्याला तोफा ओतण्याच्या कामात स्वतःला अक्षरशः जुंपून घेतलं. पुढे मन बिघडलं आणि २८ ऑक्टोबर १८११ ला ते गेले. मागे राहिली ती पगार थकलेली फौज आणि पाच वर्षांचा मुलगा, मल्हारराव. माळव्याची धूळधाण मात्र त्याही आधी सुरू झाली होती, आणि ती इंग्रजांनी केलेली नव्हती. १८०१ च्या जुलैत यशवंतरावांनी उज्जैनला शिंद्यांची फौज मोडली, ऑक्टोबरात शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी त्याचा सूड इंदूरवर उगवला. आपला राजवाडा जळाला तो तेव्हा. तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे असा जो राजवाडा तुम्ही-आम्ही लहानपणापासून पाहतो, तो पुन्हा उभा राहिला दुसऱ्या मल्हाररावांच्या काळात, म्हणजे तुम्हाला खटकणाऱ्या तहानंतर.

आता महिदपूर. तुम्ही लिहिलंत, 'फौज लढायला तयार होती, दरबार कच खाऊ होता.' काका, लढाईच्या आदल्या दिवशी काय झालं ते आठवा. यशवंतरावांच्या पश्चात बालराजाच्या नावाने कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचा कल इंग्रजांशी बोलणी करण्याकडे झुकला होता. पठाण सरदारांना लढाई हवी होती. पेशव्यांकडून थकलेला पगार मिळण्याची आशा त्यांना लावलेली होती. खेळत असलेल्या बालराजाला तंबूजवळून दूर नेलं गेलं, बाईंभोवती पहारा बसला आणि मग त्यांना क्षिप्रेच्या काठावर नेऊन त्यांचा शिरच्छेद केला. एवढ्या मोठ्या छावणीत त्यांच्यासाठी एकही हात उठला नाही. तहाच्या बाजूचे म्हणून तात्याही संशयाखाली होते. ज्या फौजेने स्वतःच्या दरबाराचा असा निकाल लावला, ती दुसऱ्या दिवशी कुणाच्या हुकमाने लढणार होती? होळकरांच्या तोफखान्याचा सरदार रोशन बेग याचे गोलंदाज तोफांपाशी शेवटपर्यंत उभे राहिले. इंग्रजांचे पावणेआठशेच्या आसपास लोक मेले नि जखमी झाले, त्यात या गोलंदाजांचा वाटा मोठा. त्यांच्यापुढे मी हात जोडते. पण पठाण सरदारांपैकी गफूरखान रणातून निघून गेला असा आक्षेप तेव्हापासून आहे. अशा फौजेच्या भरवशावर तात्यांनी आणखी सहा महिने काढायला हवे होते, असं मला प्रामाणिकपणे वाटत नाही.

तहाची किंमत जबर होती आणि ती मी मूळ लेखातही लपवली नव्हती. राजपूत संस्थानांवरचे हक्क गेले, सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला, परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या हाती गेला, महूला छावणी बसली. आणि त्याच गफूरखानाला जावऱ्याची जहागीर कायम करून द्यावी लागली. ते कलम वाचताना आजही माझं डोकं तापतं.

पण शेजारी काय चाललं होतं? तह झाला तेव्हा पेशवे दुसरे बाजीराव पळतीवर होते. जूनमध्ये ते माल्कमच्याच स्वाधीन झाले आणि पेशवाई संपली. सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांची गादी गेली. होळकरांची गादी राहिली, १९४८ पर्यंत राहिली. तात्यांच्या हातात फौज नव्हती, खजिना नव्हता, मित्र नव्हता. होतं ते एवढंच, की इंग्रजांनाही माळव्यात लवकर स्थैर्य हवं होतं. त्या एका गरजेवर त्यांनी राज्याचा गाभा वाचवला. मुत्सद्देगिरी म्हणते ती मी याला.

आता आकडे. तुमचा हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. माल्कमने स्वतः ही लढाई लढली, तह ठरवला आणि नंतर मध्य हिंदुस्थानावर ग्रंथही लिहिला. इंग्रजी अमलाने सुबत्ता आली हे दाखवण्यात त्याचा स्वार्थ होताच. तरीही तो काय लिहितो ते पाहा. होळकरांच्या सरकारी गावांची संख्या ३,७०१. त्यांतली १८१७ मध्ये वसती असलेली २,०३८, बेचिराख १,६६३. म्हणजे दर पाच गावांतली दोनपेक्षा जास्त ओस. १८१८ मध्ये २६९ पुन्हा वसली, १८१९ मध्ये ३४३, १८२० मध्ये ५०८. उरली ५४३. माळवा आणि निमाड मिळून वसूल १८१७ मध्ये साडेचार लाखांच्या आत होता, तो १८१९-२० मध्ये सतरा लाखांच्या जवळ पोचला. यातून बढाईसाठी थोडं वजा करा, हवं तर बरंच करा. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त इंग्रजी फौजेने केला हेही त्यात धरा. तरी ओस गाव आपोआप वसत नाही. पळालेल्या पाटलाला शोधून आणावं लागतं, कौल, म्हणजे अभयाचं वचन, द्यावा लागतो, पहिली काही वर्षं सारा हलका ठेवावा लागतो, बैल-बियाण्याला तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, द्यावी लागते. आणि सगळ्यांत आधी, पिकाच्या वेळी आपलीच फौज येऊन शेत कापणार नाही याची खात्री द्यावी लागते. ती खात्री फौज कमी केल्याशिवाय देता येत नव्हती. हे काम गोऱ्या पलटणींनी केलं नाही, दरबाराने केलं, आणि दरबार तेव्हा तात्या चालवत होते.

ते सावकार होते, त्यांची दौलत वाढली, हे खरंच आहे. इंदुरात किबे कंपाउंडवरून जाणाऱ्या कुणालाही ते सांगावं लागत नाही. माझी तक्रार वेगळी आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत ती नाही याचं मला नवल वाटलं. तात्यांनी कारभार आपल्या भोवती बांधला, पण तरुण मल्हाररावांना राज्य चालवायला तयार केलं नाही. १८२६ मध्ये तात्या गेले आणि घडी विस्कटायला लागली. युद्ध थांबवणं त्यांना जमलं, स्वतःच्या पश्चात टिकेल अशी व्यवस्था उभी करणं जमलं नाही. टीका करायचीच तर मी इथे करीन, मंदसोरच्या सहीवर नाही.

भीमाबाईंचं नाव मी टाळलं असाही तुमचा ठपका आहे. यशवंतरावांची ही लेक महिदपुरानंतरही घोड्यावरून उतरली नाही, हे मला ठाऊक आहे. पण जवळचे स्वार गळत गेले आणि काही आठवड्यांतच त्यांना शस्त्र खाली ठेवावं लागलं. तात्या तह करत होते त्याच दिवसांत त्या माणसं गोळा करत होत्या, हे चित्र मला फार अस्वस्थ करतं, म्हणून त्यांच्यावर घाईने दोन परिच्छेद लिहायचे नव्हते. पुढचा लेख त्यांच्यावरच आहे.

शेवटी तुम्ही विचारलंत, 'तुम्ही त्या जागी असतात तर सही केली असती का?' केली असती. गफूरखानाच्या कलमावर रात्रभर भांडले असते, आणि ते सुटत नाही असं दिसल्यावर सकाळी केली असती.