मेडल मागायचं नसतं? एका सुभेदार साहेबांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सुभेदार साहेब, जय हिंद.

माजी सैनिकांची राहून गेलेली मेडल्स सर्व्हिस रेकॉर्डवर कशी चढवून घ्यायची, यावर मी लिहिलं होतं. त्यावरची आपली प्रतिक्रिया दोन ओळींत उरकण्यासारखी नाही, म्हणून हे सविस्तर. बाकीच्या वाचकांसाठी आपलं म्हणणं आधी सांगतो. मेडल मागणं शिपायाला शोभत नाही. ७१ च्या पाकिस्तानविरुद्धच्या लढाईत ज्याचा हक्क होता त्याला मिळालं, ज्याला मिळालं नाही त्याचा तो नव्हताच. पंचाहत्तरी-ऐंशी गाठलेल्या माणसांना मी अर्जांच्या मागे लावतोय आणि त्यात एजंटांचं फावतंय. आणि जाता जाता आपण लिहिलंत, "मलाही ७१ ला मांडीत स्प्लिंटर लागला, वूंड मेडल आजवर आलं नाही, मी कधी कुणाला विचारलं नाही."

स्प्लिंटर म्हणजे फुटलेल्या गोळ्याचा तुकडा, आणि वूंड मेडल म्हणजे लढाईतल्या जखमेबद्दलचं मेडल. या शेवटच्या वाक्याकडे येतोच. आधी मागण्याचं बघू.

वीर चक्र किंवा सेना मेडल कुणी मागत नाही, मागूही नये. त्यासाठी कमांडिंग ऑफिसर शिफारस लिहितो, ती वरपर्यंत जाते, नाव राजपत्रात छापून येतं. एखादा मुलगा येऊन म्हणाला की वडिलांना सेना मेडल मिळवून द्या, तर मीही त्याला चहा पाजून परत पाठवतो. पण ६५ च्या लढाईच्या रक्षा मेडलचं तसं नाही. ५ ऑगस्ट १९६५ रोजी माणूस फौजेच्या नफरीवर, म्हणजे हजेरीपटावर, होता का आणि त्याची १८० दिवसांची सेवा झाली होती का, एवढंच त्यात बघतात. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत असलेल्यांना आहे. नऊ वर्षांचं, वीस वर्षांचं मेडल तर नावातच नियम घेऊन येतं. यात शौर्याचा प्रश्नच नाही, कागद बरोबर आहे की चूक एवढाच आहे. पगारपत्रकातली चूक दाखवणाऱ्या जवानाला आपण कधी भिकारी म्हटलं नाही, साहेब.

आता "ज्याला मिळालं नाही त्याचा हक्कच नव्हता" हे वाक्य. इथे मला आपल्याशी भांडावं लागेल, कारण मी फौजेत क्लार्क होतो आणि कागद कसा हरवतो ते मी टेबलाच्या त्या बाजूने पाहिलंय. जवानाच्या आयुष्यात जे काही घडतं, लग्न, मूल, प्रमोशन, कोर्स, जखम, मेडल, त्याची युनिट पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लेखी नोंद, काढतं. ती रेकॉर्ड ऑफिसला जाते, तिच्यावरून शीट रोलमध्ये, म्हणजे जवानाच्या सेवेच्या मूळ कागदात, नोंद होते आणि पेन्शनला जाताना त्याच्या हातात मिळणाऱ्या डिस्चार्ज बुकात उतरते. पहिली ऑर्डरच निघाली नाही, तर पुढचं सगळं कोरं. रेकॉर्ड ऑफिसचा बाबू खोटं बोलत नसतो. "नोंद नाही" म्हणजे त्याच्याकडे खरोखरच नोंद नसते.

७१ ची मेडल्स लढाई संपल्यावर जाहीर झाली. म्हणजे याद्या मागाहून, आठवून आणि जुने नॉमिनल रोल, म्हणजे नावांच्या याद्या, काढून बनवायच्या होत्या. तोवर पलटण मूव्ह झालेली. कुणी दुसऱ्या युनिटला अटॅच होता, त्याला वाटलं आपली पलटण नाव घालेल, आणि पलटणीला वाटलं ज्यांच्याकडे तो लढला ते घालतील. कुणी रिझर्व्हला गेला, कुणी पेन्शनला. मग नावांचा घोळ. आपल्याकडची आडनावं इंग्रजी टाइपरायटरवर कशी उमटायची ते आपण जाणताच. आर्मी नंबरचा एक आकडा चुकला की शिंदेचं मेडल दुसऱ्याच शिंदेच्या खात्यावर.

तरीही आपलं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांचा हक्क खरोखरच नसतो. ७१ च्या लढाईच्या संग्राम मेडलसाठी ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात ठरलेल्या राज्यांत, म्हणजे पंजाब, राजस्थान, गुजरात, पश्चिम बंगाल, आसाम अशा ठिकाणी सेवा असावी लागते. पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार ही पूर्व आणि पश्चिम आघाडीची मेडल्स त्याहून कडक, त्यांना प्रत्यक्ष लढाईचा इलाखा लागतो. "आमचे बाबा ७१ ला फौजेत होते" एवढ्यावर स्टार मिळत नाही, आणि हे मी घरच्यांना तोंडावर सांगतो. एक-दोघे रागावून गेले. काहींनी तर कँटोन्मेंटच्या दुकानातून मेडलांची अख्खी पट्टी विकत आणून वडिलांच्या फोटोखाली लावलेली असते. मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं, दुकानातल्याची कड बहुधा कोरी. जाणकाराला ते एका नजरेत कळतं, आणि मग खऱ्या मेडलांवरही संशय येतो.

एजंटांबद्दल आपण जे लिहिलंत त्याच्यापुढे मी दोन शिव्या आणखी घालीन. या कामाला पैसे पडतात ते टपालाचे. साध्या कागदावर अर्ज, सोबत डिस्चार्ज बुक आणि पीपीओच्या, म्हणजे पेन्शनच्या आदेशाच्या, प्रती, कुठल्या तारखेला कुठल्या युनिटमध्ये होतो आणि कुठलं मेडल राहिलंय ते स्पष्ट, आणि हे सगळं आपल्याच रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिकरोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवलात तर उत्तम, तिथे फुकट मदत करतात. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून आपल्या शीट रोलची प्रत मागायची, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एक लक्षात ठेवायचं, माहिती अधिकाराने कागद दिसतो, दुरुस्त होत नाही. दुरुस्तीचा अर्ज वेगळाच करावा लागतो. जवान हयात नसेल तर अर्ज पत्नीच्या नावाने, कारण पुतण्या-भाच्याला परक्याची माहिती म्हणून नकार येतो.

बहुतेकांची गाडी अडते ती काय हवंय हेच न कळल्याने. मेडल रेकॉर्डवर आहे पण हातात कधी आलं नाही, हे सोपं प्रकरण, फक्त मेडल पाठवा म्हणायचं. मेडल हातात आहे पण डिस्चार्ज बुकात नाही, तर शीट रोलशी ताडून दुरुस्ती मागायची. दोन्हीकडे नाही, तिथे मात्र पुरावा आपल्याला उभा करावा लागतो, आणि "आम्ही लढलो होतो" हा पुरावा होत नाही.

आपण विचारलंत, आत्ताच एवढी घाई कशाला? कागदांनाही वय असतं, साहेब. पेन्शन नसलेल्या जवानाची कागदपत्रं नियमाने पंचवीस वर्षांनी नष्ट करतात. मागे राहतो लाँग रोल, म्हणजे सगळ्यांच्या नावांची थोडक्यात नोंदवही, त्यात माणूस दोन-तीन ओळींत आटोपतो. पेन्शनरांचे कागद पन्नास वर्षं ठेवतात. आपल्या वेळचे कितीजण कधी पेन्शनवर गेले, हिशोब आपणच मांडा.

आता आपल्या मांडीतला स्प्लिंटर. वूंड मेडल सुरू झालं १९७३ साली, लढाईनंतर. आपण तेव्हा हॉस्पिटलमधून सुटून डेपोत किंवा दुसऱ्या कंपनीत असणार. यादी करणाऱ्याला आपण समोर दिसला नाहीत, इतकं साधं असू शकेल. आपण विचारलं नाहीत, त्याबद्दल आदर आहे. पण हे मेडल इतरांसारखं नाही. ते राहिलं असेल तर बॅटल कॅज्युअल्टीची, म्हणजे लढाईत जखमी झाल्याची, पार्ट टू ऑर्डरही राहिली असण्याची दाट शक्यता आहे, आणि त्या ऑर्डरवर पेन्शन अवलंबून असते. वॉर इंज्युरीची, म्हणजे लढाईतल्या जखमेची, पेन्शन आणि साधी अपंगत्वाची पेन्शन यांच्या रकमेत चांगलाच फरक आहे. आपल्याला ती मिळेलच असं मी म्हणत नाही. सेवेतून सुटताना तपासणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने काय लिहिलं, अपंगत्वाची टक्केवारी किती धरली, यावर सगळं आहे.

म्हणून आपल्याला विनंती, पीपीओ काढून बघा. त्यात फक्त सर्व्हिस पेन्शन लिहिलीय, डिसेबिलिटी एलिमेंट (अपंगत्वाचा भाग) आहे, की वॉर इंज्युरी? मग रेकॉर्ड्सला एकच अर्ज करा आणि त्यात दोन गोष्टी मागा: बॅटल कॅज्युअल्टीची पार्ट टू ऑर्डर निघाली होती का, आणि निघाली असेल तर वूंड मेडल. संग्राम मेडलसाठी कुणी फौजेच्या ट्रायब्युनलला, म्हणजे न्यायाधिकरणाला, जावं असं मी कधीच सांगणार नाही, त्यात वकिलाचंच भलं होईल. पण जखमेच्या पेन्शनसाठी मुंबईला आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलचं खंडपीठ आहे आणि तिथे जाण्यात काहीच कमीपणा नाही. उशीर झाला म्हणून दावा आपोआप बुडत नाही, मात्र थकबाकीला कात्री लागते. तरसेम सिंग या माजी सैनिकाच्या अपंगत्व पेन्शनच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००८ साली ती दावा लावण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच धरली. मागची बाकीची वर्षं गेली ती गेली.

बेस हॉस्पिटलची चिठ्ठी, एक्स-रे, तेव्हा घरी पाठवलेली तार, असलं काही जुन्या ट्रंकेत असेल तर सुनबाईंना शोधायला सांगा. सापडलं तर प्रत काढून पाठवा, अर्जाचा मसुदा मी करून देतो. मूळ कागद मात्र कुणाच्या हातात देऊ नका, माझ्याही नाही.