चवीपुरतं

'मीठ चवीपुरतं' असं पाककृतीत लिहिणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचंय. हळद पाव चमचा, धनेपूड दीड चमचा, गूळ सुपारीएवढा, सगळं मोजून देतो आणि जिथे सगळा स्वयंपाक हातातून जाऊ शकतो नेमका तिथे हात वर करतो. चवीपुरतं म्हणजे कुणाच्या? आमच्या घरात माणसं चार आणि चवी पाच. पाचवी चव आईची, उपासाच्या दिवसाची. त्या दिवशी तिला सैंधव लागतं आणि रोजचं मीठ एकदम 'जहाल' वाटायला लागतं.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत तसं बरं चाललं होतं. मग बायकोच्या रक्तदाबाचा वरचा आकडा १५०च्या पलीकडे जाऊन बसला आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. किती कमी? तर माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेचंच तसं म्हणणं आहे. ५ ग्रॅम म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात पापड, लोणचं, पाव, फरसाण सगळं आलं. घरी येऊन मी हिशेब मांडला. चौघांचे २० ग्रॅम, म्हणजे किलोची पिशवी ५० दिवस पुरायला हवी. आमच्याकडे ती विसाव्या दिवशी संपायची. माणशी साडेबारा ग्रॅम!

"त्यात दृष्ट काढायचं मीठही धरा," बायको म्हणाली.

खरं होतं. आई नातवाची दर शनिवारी दृष्ट काढते. पण मीठमोहऱ्या धरूनसुद्धा आकडा काही खाली येईना.

मूळ घोटाळा आईच्या हातात होता. तिचा हात खड्या मिठावर बसलेला. तिच्या माहेरी चिनीमातीच्या बरणीत जाडं मीठ असायचं आणि बरणीत हात घालून चिमटीचं, मुठीचं माप व्हायचं. मीठ बदललं, पिशवीतलं बारीक आलं, हात मात्र तोच राहिला. खड्यांच्या मधे पोकळी असते, बारीक मीठ दाबून बसतं. त्यामुळे त्याच मुठीत मीठ जास्त मावायला लागलं. हे मी तिला वजनकाट्यावर दाखवलं. तिने काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काटा बिघडलाय."

असो. मीठ कमी केलं. पहिले पंधरा दिवस जेवण म्हणजे शिक्षा होती. वरणाला वरणाचा फक्त रंग. मग हळूहळू जिभेची सवय मोडली आणि दोन-तीन महिन्यांत तिला तेवढंच मीठ पुरेसं वाटायला लागलं. भोपळ्याला स्वतःची अशी एक चव असते हे पन्नाशीत कळलं. (फार काही चांगली नसते.) बाहेरचा वडापाव खाल्ला की तोंडात समुद्र आल्यासारखं व्हायला लागलं. सगळं छान चाललं होतं. फक्त एक गोष्ट आमच्या कुणाच्याच ध्यानात आली नाही. जीभ आमची बदलली होती, पाहुण्यांची नव्हती.

आता घरी आलेल्या माणसाला "मीठ बरोबर आहे ना?" असं विचारायची आपल्याकडे पद्धत आहे, पण त्याचं खरं उत्तर द्यायची पद्धत नाही. पाहुणा "हो हो, अगदी!" म्हणतो. तो निरोगी माणूस असेल तर त्याचा अर्थ 'नाही' असा घ्यावा. "आमच्याकडेही हल्ली कमीच खातात" म्हणाला तर भाजी साफ अळणी आहे. "साधं जेवण किती बरं वाटतं नाही?" म्हणाला तर तो घरी जाताना वाटेत भजी खाणार. आणि सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे लोणचं. पाहुण्याने एकदा लोणचं घेतलं तर आवड, दुसऱ्यांदा घेतलं तर भूक, तिसऱ्यांदा "जरा लोणचं सरकवता का इकडे?" म्हणाला की समजावं, तो मीठ मागतोय. बिचारा सभ्य आहे म्हणून कैरीच्या आडून मागतोय.

मग मीच सुचवलं की टेबलावर मिठाची डबी ठेवू. ज्याला हवं तो घेईल, कुणी कुणाला विचारायला नको. भोकांच्या टोपणाची एक काचेची डबीही आणली. पावसाळ्याचे दिवस, ठाण्याची हवा. आठवड्यात मिठाला पाणी सुटून आतलं सगळं एकजीव झालं. कुणीतरी सांगितलं म्हणून तांदळाचे दाणे घातले. मग डबी हलवली की आत दाणे तेवढे वाजायचे. मीठ जागचं हलायचं नाही.

पण खरा अडथळा डबीचा नव्हताच. आईला तो प्रकारच मंजूर नव्हता.

"टेबलावर मीठ ठेवायचं म्हणजे काय?" ती म्हणाली. "जेवायला बसायच्या आधीच लिहून द्यायचं की आमचा स्वयंपाक बिघडलाय?"

"अगं, पण पानात पहिलं काय वाढतात? मीठच ना?" मी म्हटलं. केळीचं पान मांडलं की वर मधोमध आधी मीठ, मग त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या. हे मला तिनेच लहानपणी पाठीत धपाटा घालून शिकवलेलं. "म्हणजे आपल्याकडे पहिल्यापासून सोय आहेच की. कमी वाटलं तर घ्या."

"ते मीठ खायला नसतं," आई म्हणाली, "वाढायला असतं."

यावर काय बोलणार! मी मुद्दा सोडला. तशी एकच जागा आहे जिथे ताटात मीठ वाढत नाहीत, ती म्हणजे देवाचा नैवेद्य. माणसाला निदान तक्रारीची सोय आहे. देवाला जे असेल ते गोड मानून घ्यावं लागतं.

शिवाय मीठ पुढे करणं हा स्वतंत्र विधी आहे. हातातून हातात मीठ द्यायचं नाही, भांडण होतं. डबी पाहुण्यासमोर टेबलावर ठेवायची, आपला हात काढून घ्यायचा, मग त्याने उचलायची. ओलीस ठेवलेल्यांची अदलाबदल असावी तसं सगळं गंभीरपणे चालतं. आणि सांडायचं तर अजिबात नाही. सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी उचलावं लागतं म्हणे. आमच्या मुलाने आजवर जेवढं सांडलंय ते बघता त्याच्या पापण्यांना बराच ओव्हरटाइम आहे.

यात दुःख असं की आईचं माहेर शिरोड्याचं. वेंगुर्ल्याजवळचं हे गाव मिठागरांचं. भरतीचं पाणी खाडीतून चौकोनी वाफ्यांत घ्यायचं, ऊन त्याचं पाणी पिऊन टाकतं, खाली मीठ उरतं. १९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचललं त्याच्या पुढच्याच महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. लोक मिठासाठी तुरुंगात गेले. आणि त्या गावचा नातू मी! माझ्या घरी बसलेल्या पाहुण्याला "जरा मीठ द्या" एवढं तोंडातून काढता येत नाही.

आजीचा मात्र या बाबतीत स्पष्ट नियम होता. "उणा पडला तर वयरसून घालूक येता. चड झाला तर काय समुद्राक परत करतलंस?" तिला उकळत्या आमटीच्या वासावरून मीठ कमी की जास्त ते कळायचं. मिठाला वास नसतो हे मी शाळेत शिकलो. आजी त्या शाळेत गेली नव्हती, त्यामुळे तिला यायचा.

हे सगळं गेल्या गणपतीत एकत्र आलं.

दुसऱ्या दिवशी जेवायला अकरा माणसं होती. त्यात माझे साडू. बँकेतून निवृत्त झालेले, वयाने मोठे, आणि पाच रुपयांचा फरक सापडेपर्यंत शाखा बंद होऊ न देणारे. स्वयंपाकघरात आम्ही तिघं. आईकडे मोदक, बायकोकडे काळ्या वाटाण्यांची आमटी, भात, बाकीचं सगळं, आणि माझ्याकडे अळूची भाजी, कारण अळूच्या देठांनी हाताला खाज येते आणि ती कुणाला यावी यावर घरात एकमत होतं. मी हातांना चिंच चोळून कामाला लागलो. पालेभाजीत मीठ आधी घालायचं नाही हे मला माहीत होतं. टोपभर पाला शिजला की मूठभर होतो आणि मीठ टोपभराचं पडलेलं असतं. तेव्हा अळू आळलं की मग घालू, असं ठरवून मी थांबलो.

नैवेद्य दाखवेपर्यंत चव बघायची नाही हे वेगळं सांगायला नको. एरवी चमचाभर आमटी तळहातावर घेऊन चाखली की काम भागतं. त्या दिवशी अकरा माणसांचा स्वयंपाक आम्ही डोळे बांधून केल्यासारखा केला.

मधेच बायकोला दारावर कुणीतरी बोलावलं. जाताना म्हणाली, "आमटीचं बघा हं जरा." मी बघितलं. आमटी उकळत होती. मीठ घातलेलं दिसत नव्हतं. (मीठ घातलेलं दिसत नाहीच, हा विचार तेव्हा शिवला नाही.) मी दोन चमचे घातलं. तेवढ्यात आईने मोदकांवरून मान न वळवता विचारलं, "मीठ घातलंस का रे?"

"हो," मी म्हटलं.

ती अळूचं विचारत होती.

आरती झाली, नैवेद्य झाला, पंगत बसली. मी आग्रहाने आधी अळू वाढलं. साडूंनी पहिला घास घेतला आणि त्यांचा चेहरा, खात्यात सही जुळत नसली की व्हायचा तसा झाला. बाकीचे दहाजण खाली मान घालून जेवत होते. लोणच्याची बरणी पहिल्या पाच मिनिटांत दोनदा फिरली. मी स्वतः एक घास घेतला. मला ठीकच लागलं! दोन वर्षांची साधना अशी वाया जाते. पुढच्या घासाला मात्र शंका आली, कारण अळणी जेवायची सवय असलेल्या माणसालासुद्धा ते अळणी लागत होतं.

"मीठ बरोबर आहे ना?" बायकोने विचारलं.

"अगदी!" दहा आवाज आले.

मग आमटी आली. घास तोंडात गेल्यावर पंगतीत अशी शांतता पसरली की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मेव्हणीने तांब्या उचलला. आमच्या मुलाने "आई गं" म्हटलं आणि आजीकडे बघून गप्प झाला. एकटे साडू विचारात पडले. त्यांनी भाताचं आळं केलं, त्यात अळू घातलं, त्यावर मोजून दोन पळ्या आमटी घातली, नीट कालवलं, घास घेतला, डोळे मिटले.

"इथे नावे, तिथे जमा," ते म्हणाले. "खतावणी जुळली. एकास दोन घ्या."

मग सगळ्यांनी एकास दोन घेतलं. अळू आणि काळ्या वाटाण्यांची आमटी कालवून खायची पद्धत मालवणपासून कारवारपर्यंत कुठेही नाही, पण टोप दोन्ही पुसून गेले. आई मात्र पंगत उठेपर्यंत बोलली नाही. नंतर भांडी आवरताना तिने पानं बघितली. प्रत्येक पानात वर मधोमध वाढलेलं मीठ जसंच्या तसं होतं. ती माझ्याकडे वळली आणि नुसतं "बघ" म्हणाली.

दिवाळीत साडूंनी आम्हाला परतीचं जेवायला बोलावलं. त्यांच्याकडे रक्तदाबाचा त्रास कुणालाच नाही. पहिला घास घेतला आणि आम्ही चौघांनी एकमेकांकडे न बघायचं ठरवलं. भाजी खारट, वरण खारट. काकडीच्या कोशिंबिरीला मिठाने इतकं पाणी सुटलेलं की काकडी पोहत होती. तसं त्यांच्या हिशेबाने सगळं बरोबर असणार, कारण ते स्वतः मजेत जेवत होते. आईनेसुद्धा दोन पेले पाणी प्यायलं. पानात मीठ वर घेण्याची सोय आहे, वर काढून ठेवण्याची नाही.

"मीठ बरोबर आहे ना?" साडूंनी विचारलं.

"अगदी!" मी म्हटलं.

पण त्या माणसाला खोटी सही ओळखता येते. त्यांनी माझा रिकामा पेला बघितला, बायकोचा बघितला. बायको पटकन सावरून म्हणाली, "ताई, थोडं दही आहे का गं? सहज आपलं."

"आहे ना!" मेव्हणी लगबगीने आत गेली आणि मोठी वाटी घेऊन आली. घट्ट, पांढरंशुभ्र, घरी लावलेलं दही. बायकोने दोन चमचे घेतले, मी चार घेतले, आधाशासारखा मोठा घास तोंडात टाकला.

"मुद्दाम तुमच्यासाठी वेगळं काढलंय हं," मेव्हणी म्हणाली. "मीठ आणि जिरेपूड घालून."