कॅबर्ने आणि शिराझ सारख्या नाहीत
वाइनवरच्या तुमच्या लेखात कॅबर्ने सोविन्याँ आणि शिराझ या द्राक्षांच्या रेड वाइन दोन्ही ‘जड रेड’ म्हणून एकत्र गुंडाळल्यात, ते पटलं नाही. कॅबर्नेचा दाणा लहान, साल जाड, म्हणून टॅनिन (सालीतला तुरट घटक) भरपूर: घोटानंतर हिरड्या कोरड्या पडतात. द्राक्षं कमी पिकलेली असतील तर ढोबळी मिरचीचा वासही येतो. शिराझ मऊ, आलुबुखारासारखी, मागून काळी मिरी. ही मिरीची चव रोटंडोन या घटकाची.

ठाण्यात फरक कळत नाही तो उकाड्यामुळे. रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी म्हणतात, ते म्हणजे १६ ते १८ अंश, आपल्याकडचे ३० नव्हेत! कोमट वाइनमध्ये नुसतं अल्कोहोल नाकात जातं. बाटली फ्रिजमध्ये तास-दीड तास किंवा बर्फाच्या पाण्यात दहा-बारा मिनिटं ठेवा. झणझणीत मटणासोबत शिराझच घ्या. तिखटाने कॅबर्नेचं टॅनिन आणखी बोचतं.