अपूर्णांकाने गुणलं की संख्या लहानच होते? नाही

‘गणिताच्या सोप्या युक्त्या’ या नावाखाली एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्यात म्हटलंय की गुणाकाराने संख्या वाढते, भागाकाराने घटते, अपूर्णांक आला की हे उलटं होतं. आणि गुणाकार म्हणजे तीच संख्या पुन्हा पुन्हा मिळवणं. पाठ करायला सोपं आहे, पण यातलं एकही विधान नियम म्हणून टिकत नाही.

पहिलं विधान मोडायला अपूर्णांकापर्यंत जायचीही गरज नाही. १२ × १ = १२ आणि १२ × ० = ०. यात वाढलं काय?

‘अपूर्णांक आला की उलटं’ हे मला सगळ्यात घातक वाटतं, कारण ते अर्धं खरं आहे. १२ × ३/४ = ९, इथे संख्या घटली. पण १२ × ५/४ = १५. तोही अपूर्णांकच आहे, फक्त अंशाधिक, म्हणजे अंश छेदापेक्षा मोठा असलेला. ५/४ म्हणजे १ आणि वर १/४, म्हणून अख्खे १२ आणि वर १२चा चौथा भाग, ३. उलट ३/४ म्हणजे १ला १/४ कमी, म्हणून १२मधून तेच ३ वजा. गुणक अपूर्णांक आहे की पूर्णांक, हे बघायचंच नाही. तो १पेक्षा मोठा आहे की लहान, एवढंच बघायचं. हा फरक किरकोळ असला तरी साचत जातो: १००ला ०.९९ने शंभर वेळा गुणत गेलं तर सुमारे ३६.६ उरतात, १.०१ने गुणत गेलं तर सुमारे २७०.५ होतात.

भागाकाराचंही तसंच. १२ ÷ ३/४ = १६, कारण १२मध्ये पाऊण सोळा वेळा बसतो. पण १२ ÷ ५/४ = ९.६.

आता ‘पुन्हा पुन्हा मिळवणं’. पूर्णांकांपुरतं ते चालतं. ३/४ बारा वेळा मिळवले तर ३६/४, म्हणजे ९ येतात. पण ३/४ × २/३ मध्ये कोण कुणाला किती वेळा मिळवणार? त्यापेक्षा १ बाजूचा चौरस काढा. उभ्या रेघांनी त्याचे चार सारखे पट्टे करा, आडव्या रेघांनी तीन. बारा चौकटी झाल्या. चारपैकी तीन उभे पट्टे आणि तीनपैकी दोन आडवे पट्टे जिथे एकमेकांवर येतात, तिथे सहा चौकटी आहेत. ६/१२ म्हणजे १/२. उत्तर ३/४पेक्षाही लहान आणि २/३पेक्षाही लहान, कारण भागाचाही भागच घेतलाय.

‘लहान मुलांना एवढं कशाला सांगायचं?’ असं या मजकुराच्या बाजूने म्हटलं जातं. त्याचं कारण पुढच्या उदाहरणात आहे. एक मीटर तारेचं वजन १२ ग्रॅम, तर पाऊण मीटर तारेचं किती? ‘उत्तर कमी यायला हवं’ इथपर्यंत मूल बरोबर पोचतं. मग ‘कमी करायचं म्हणजे भागायचं’ हे डोक्यात पक्कं असल्यामुळे १२ ÷ ३/४ करून १६ ग्रॅम लिहितं. तार आखूड आणि वजन जास्त! मुलाचा अंदाज चुकलेला नाही, शिकवलेला नियम चुकलाय. गणित शिकवण्याविषयीच्या संशोधनातही ही चूक फार पूर्वीपासून नोंदलेली आहे.

आणि १शी तुलना करायचा नियमसुद्धा धन संख्यांपुरताच, हे सांगायला हवं. −१२ला १/२ने गुणलं तर −६ येतात, आणि −६ ही −१२पेक्षा मोठी संख्या आहे. ३/२ने गुणलं तर −१८, म्हणजे आणखी लहान. शून्यापासूनचं अंतर मात्र पहिल्या वेळी निम्मं झालं आणि दुसऱ्या वेळी दीडपट.