कोर्टालाच घरी बोलवा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगत आले. आता ती पायरी चढायची गरजच उरलेली नाही. कोर्ट, सीबीआय, ईडी, मुंबई पोलिस आणि रिझर्व्ह बँक असे सगळे मिळून तुमच्या व्हॉट्सॲपवर येतात, तेही व्हिडिओ कॉलने. तुम्ही फक्त घरात असायला हवं आणि बँकेत एफडी असायला हवी. एवढ्या लांबून आलेली माणसं रिकाम्या हाताने परत जाऊ नयेत, म्हणून हे थोडं मार्गदर्शन.

अनोळखी नंबर दिसला की ताबडतोब उचला. नंबराच्या सुरुवातीला भारताचा ९१ नसून भलतंच काही असलं तरी शंका घेऊ नका. सरकारी नोकरीत बदली कुठेही होते. पलीकडून सांगतील की तुमच्या नावाचं पार्सल तैवानला निघालं होतं, त्यात पासपोर्ट आणि ड्रग्ज सापडले. तुम्ही आयुष्यात पुण्यातल्या मुलाला सोलापूरची शेंगाचटणी पाठवण्यापलीकडे काही कुरिअर केलेलं नसेल. तरी उद्धटपणे ‘माझं नाही’ म्हणू नका. आधी ‘साहेब’ म्हणा. आपण पोलिसांना घाबरतो हे त्यांना पहिल्या मिनिटात कळलं, की दोघांचाही वेळ वाचतो.

मग तुम्हाला ‘डिजिटल अरेस्ट’ होईल. अशी अटक कायद्यात कुठेही नाही, असं पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मध्ये सांगितलं होतं. पण ते रेडिओवर बोलले. इथे इन्स्पेक्टर स्वतः समोर बसलाय, मागे तिरंगा आहे, खांद्यावर तारे आहेत. वॉरंटही लगेच व्हॉट्सॲपवर येतं. त्या एकाच कागदावर सुप्रीम कोर्ट, ईडी आणि रिझर्व्ह बँक या तिघांचे शिक्के असतात. एरवी साध्या उत्पन्नाच्या दाखल्यावर एक शिक्का मिळवायला आपल्या चपला झिजतात. ही तत्परता बघून तरी विश्वास ठेवा.

अटकेचे नियम नीट पाळा. कॅमेरा बंद करायचा नाही. बाथरूमला जाताना परवानगी घ्यायची. बायको चहा घेऊन आली तर हातानेच ‘नंतर’ म्हणून खूण करायची. कुणालाही काही सांगायचं नाही, मुलाला तर नाहीच. तो ‘बाबा, फोन ठेवा’ म्हणेल आणि सगळा तपास तिथेच खुंटेल. मग पैसे ‘पडताळणीसाठी’ सरकारी खात्यात भरायला बँकेत जा. काउंटरवरची मुलगी चष्म्यावरून बघत विचारेल, “काका, मुदतीआधी मोडताय? व्याज जाईल. काही अडचण आहे का?” तेव्हा पढवल्याप्रमाणे म्हणा, “मुलाच्या फ्लॅटचं बघतोय.” तिने पुन्हा विचारलं तर तिच्यावर चिडा. आयुष्यभर व्यवस्थेवर चिडलो नाही, तर एकदा योग्य माणसावर चिडून घ्यावं.

एफडी नसलेल्यांनी हिरमुसू नये. वीजबिल थकल्यामुळे आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, असा मेसेज त्यांनाही येतो, खाली अधिकाऱ्याचा खाजगी मोबाइल नंबर असतो. एरवी अख्ख्या गल्लीत अंधार झाला तरी तक्रारीचा फोन कुणी उचलत नाही. हा माणूस पहिल्या रिंगला उचलतो. अशा सेवेचा मान राखा आणि तो सांगेल ते ॲप उतरवून घ्या. लग्नपत्रिकाही हल्ली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल होऊन येते. पत्रिका न उघडता लग्न कुणाचं हे कसं कळणार? तेव्हा उघडा. ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ त्यात शोधत बसू नका. आहेर ते परस्पर खात्यातून घेतात.

आता तक्रारीचं. हे प्रकरण नाजूक आहे. पैसे गेल्या गेल्या १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायचा मोह होईल. आवरा. तो नंबर लवकर लागला आणि बँकेचं नाव, रक्कम, व्यवहाराचा क्रमांक सांगता आला, तर तक्रार लगेच संबंधित बँकांकडे जाते आणि पुढच्या खात्यात पडलेले पैसे तिथेच गोठवता येतात. असं झालं तर भाड्याच्या खात्यांतून पुढे सरकवत ते एटीएमपर्यंत नेणाऱ्या पोरांच्या कमाईचं काय? त्यांना निदान दोन दिवस द्या. तोवर चार लोक काय म्हणतील याचा विचार करा. या नंबराची अमिताभ बच्चन यांच्या आवाजातली जाहिरात कॉलर ट्यून म्हणून महिनोन् महिने वाजत होती, तेव्हा आपण वैतागून ती बंद कशी करायची तेवढंच शोधलं. ती मेहनत वाया घालवू नका.

पैसे गेलेच नसतील, नुसताच फोन आला असेल, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर संशयास्पद फोन-मेसेज कळवण्यासाठी असलेल्या ‘चक्षू’कडे कळवता येतं. म्हणून तिकडे फिरकूच नका. कळवलं तर तो नंबर बंद होण्याची शक्यता असते, आणि उद्या शेजारच्या कुलकर्णी आजींना फोन कुठून येणार? शिवाय तिथे स्क्रीनशॉट मागतात, तारीख-वेळ मागतात, आणि वर ओटीपीही मागतात. इन्स्पेक्टरसाहेबांना आधार कार्ड, पासबुक आणि सहा ओटीपी बिनतक्रार दिलेला माणूस नेमका इथे येऊन सावध होतो, “ओटीपी? आम्ही नाही देत कुणाला!” त्यापेक्षा सोसायटीच्या ग्रुपवर ‘सावधान!!! सर्वांना पाठवा’ टाकावं, खाली हात जोडलेले तीन इमोजी. सेक्रेटरी अंगठा दाखवतात, विषय संपतो.

आणि पंधरा दिवसांनी सायबर सेलमधून फोन येईल. तुमचे पैसे सापडले आहेत, परतीचा आदेशही निघालाय, फक्त फाइल चार्ज तेवढा आधी भरायचाय. त्यांच्याकडे तुमचं नाव, गेलेली रक्कम, बँकेची शाखा सगळं बरोबर असेल. नसणार कसं? तुम्हीच तर दिलं होतं. तोही उचला, आणि ‘साहेब’ म्हणायला विसरू नका.